शिबिराचे आठ दिवस आणि उरलेले ३५७: एका फिरत्या वैद्यकीय पथकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका स्वयंसेवी वैद्यकीय पथकाचे आहे. पथकाचे, ते ज्या खोऱ्यात जात असे त्या खोऱ्याचे आणि तिथल्या माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. मी या पथकाचा समन्वयक होतो. डॉक्टर नव्हतो, गाड्या, औषधांच्या पेट्या, केसपेपर आणि कोण कुठे झोपणार याचा हिशेब माझ्याकडे असे. त्यामुळे पुढे सांगितलेल्या चुकांमध्ये माझा वाटा आहे, आणि नोंदींच्या बाबतीत तर तो सर्वांत मोठा आहे.

पथक वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी चार दिवसांसाठी, या डोंगराळ खोऱ्यात जात असे. वस्त्या विखुरलेल्या, पक्का रस्ता खोऱ्याच्या तोंडापर्यंतच आणि भूल देऊन शस्त्रक्रिया होऊ शकेल असे सर्वांत जवळचे रुग्णालय गाडीने पाच तासांवर, तेही पाऊस नसताना. खोऱ्यात एक सरकारी आरोग्य केंद्र होते. तिथे एक परिचारिका आणि एक साहाय्यक कायम असत. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा यावे असे कागदावर होते, प्रत्यक्षात ते महिन्यातून एकदा येत. आमच्या पथकात फिजिशियन, सर्जन, दंतवैद्य, नेत्रतज्ज्ञ, परिचारिका आणि माझ्यासारखी इतर कामांची माणसे मिळून वीसेक जण असत. तपासणी, रक्तदाब, साखर, दात, डोळे आणि हर्निया किंवा चरबीच्या गाठींसारख्या छोट्या शस्त्रक्रिया असे सगळे त्या चार दिवसांत बसवले जाई. पहाटेपासून रांग लागे आणि शेवटच्या संध्याकाळी तपासलेल्यांचा आकडा जाहीर झाला की सगळे टाळ्या वाजवत. शिबिर चांगले झाले की नाही हे त्या आकड्यावरून ठरे.

प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ती सेवा लोकांच्या सहभागातून, परवडेल अशा तंत्राने आणि त्यांच्या राहत्या जागेच्या जवळात जवळ उभी राहावी असे म्हटले होते. त्या विचारामागे जगभरचे जे प्रयोग होते त्यांत डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सुरू केलेले कामही होते. पथकातल्या अनेकांनी हे सगळे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिलेले होते. शिबिराची आखणी करताना मात्र ते कुणालाही आठवले नाही.

प्रश्न समोर कसा आला

सातव्या वर्षीच्या पहिल्या शिबिरात तिसऱ्या दिवशी एका वस्तीवरून निरोप आला की एक आजी दरवेळी शिबिराला येत असत, या वेळी त्यांना चालता येत नाही. आमच्या फिजिशियन बाई दुपारी तिथे गेल्या, मी बॅग घेऊन सोबत होतो. आजींचा उजवा हात आणि पाय लुळा पडला होता, बोलणे अडखळत होते. हिवाळ्यात एका सकाळी उठताच असे झाले, असे सुनेने सांगितले. रक्तदाब १९० च्या वर होता. पूर्वी काही औषध चालू होते का, असे विचारल्यावर सुनेने फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढला आणि चटईवर उपडा केला.

डब्यात गोळ्यांच्या सात स्ट्रिप होत्या. त्यांवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांची नावे होती. बाईंनी एकेक उजेडाकडे धरून बारीक अक्षरे वाचली. पाच स्ट्रिप अम्लोडिपिनच्या होत्या, पण दोन निराळ्या नावांच्या. उरलेल्या दोन एनालाप्रिलच्या. दोन्ही रक्तदाबाचीच औषधे. दोन स्ट्रिपची मुदत संपली होती. बहुतेक स्ट्रिपमधल्या दोन-चार गोळ्याच कमी झालेल्या होत्या. बाईंनी जरा चढ्या आवाजात विचारले, ‘रोज एक घ्यायची सांगितली होती ना? मग घेतल्या का नाहीत?’ सून शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही सहा महिन्यांनी येता आणि गोळ्या तीस देता. रोज एक घेतली तर पुढचे पाच महिने काय करायचं? म्हणून सासूबाई डोकं दुखलं की घ्यायच्या.’

हा हिशेब इतका सरळ होता की त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. आम्ही तीसच गोळ्या का देत होतो? सगळ्यांना पुराव्यात म्हणून. पेट्या कुणी भरल्या होत्या? मी.

त्या रात्री मी आजींचे जुने केसपेपर शोधले. पाच सापडले. चारांवर ‘नवीन निदान: उच्च रक्तदाब’ असे लिहिलेले होते, चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या अक्षरात. नाव चार तऱ्हांनी लिहिले होते आणि वय एका शिबिरात ५८ तर पुढच्यात ६५ होते. मग मी जुने गठ्ठे सोडून बसलो. दुसऱ्या रात्रीपर्यंत अशा पुन्हा पुन्हा ‘नव्याने’ सापडलेल्या माणसांचे शंभरेक कागद बाजूला निघाले, आणि मी मोजणे थांबवले. आम्ही जे आकडे दरवर्षी जाहीर करत होतो त्यांत तीच माणसे वर्षानुवर्षे नव्याने आजारी पडत होती.

आजाराचे स्वरूप पाहिले की चूक अधिक स्पष्ट दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १३० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांच्यापैकी साधारण पाचात एकाचाच तो आटोक्यात आहे. उच्च रक्तदाबाचे निदानच मुळी दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून, दोन्ही वेळा तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला तर करायचे असते. औषध सुरू केल्यावर रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत दर महिन्याला आणि त्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी रुग्णाला पाहावे, असे याच संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत आहे. चार दिवसांत येऊन जाणाऱ्याला यातले काहीच धडपणे करता येत नाही. आम्ही वर्षाचे आठ दिवस तिथे होतो. उपचार व्हायला हवे होते ते उरलेल्या ३५७ दिवसांत.

परिचारिकेचे म्हणणे

दुसऱ्या दिवशी मी आरोग्य केंद्रात गेलो. सात वर्षांत मी तिथे कामासाठी पहिल्यांदाच जात होतो, हे मला दारात लक्षात आले. सिस्टरनी चहा दिला आणि जे सांगितले ते मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले: ‘तुमचं शिबिर असलं की आठवडाभर माझ्याकडं कुणी फिरकत नाही. तुम्ही गेलात की सगळे येतात आणि शिबिराची गोळी मागतात. माझ्याकडं तीच गोळी असते, पण साध्या पाकिटात. त्यांना वाटतं, ही सरकारी आहे, हलकी आहे.’

मग त्यांनी मागची खोली उघडून दाखवली. आमच्याच पथकाने तीन वर्षांपूर्वी भेट दिलेला निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह तिथे उभा होता. दाराचे रबरी गॅस्केट फाटले होते, ते मिळत नव्हते आणि सूचनापुस्तिका सिस्टरना न येणाऱ्या भाषेत होती. यंत्रावर आमचे स्टिकर अजून चकचकीत होते. हा प्रकार आमच्यापुरता नाही. अल्प साधनांच्या १६ देशांतल्या रुग्णालयांतील यंत्रांची पाहणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ४० टक्के वैद्यकीय यंत्रे बंद पडलेली आढळली होती.

जाता जाता सिस्टरनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिने आमच्या सर्जनची झोप उडवली. मागच्या शिबिरात हर्नियाची शस्त्रक्रिया झालेला एक मनुष्य आठव्या दिवशी पू आलेली जखम घेऊन केंद्रात आला होता. आम्ही निघून सहा दिवस झाले होते. जखमेत काय केले आहे, कोणते प्रतिजैविक दिले आहे, याचा कागद त्याच्याकडे नव्हता. सिस्टरनी जखम उघडली, धुतली आणि त्याला स्वतःच्या ओळखीने एका मालवाहू गाडीत घालून रुग्णालयात पाठवले. तो वाचला. शस्त्रक्रियेच्या जागेचा जंतुसंसर्ग ३० दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतो, म्हणून तेवढे दिवस लक्ष ठेवायचे असते. आमच्या नोंदीत मात्र ती शस्त्रक्रिया ‘गुंतागुंत नाही’ या रकान्यात होती.

कोणते पर्याय समोर होते

परतल्यावर महिन्याभरात पथकाची बैठक झाली. ती दोन दिवस चालली आणि दुसऱ्या दिवशी दोन जण उठून गेले. चार मार्ग मांडले गेले.

पहिला, शिबिरे वाढवायची: दोनाऐवजी चार किंवा सहा. हा सर्वांना आवडणारा पर्याय होता, कारण त्यात कुणालाही बदलावे लागत नव्हते. पण स्वयंसेवकांच्या रजा आणि प्रवासखर्च यांचा हिशेब केला तर चाराच्या पुढे जाणे शक्य नव्हते, आणि तीन महिन्यांनी येणे हेही महिन्याने येणे नव्हे.

दुसरा, स्वतःचा कायमचा दवाखाना बांधायचा. एक देणगीदार इमारतीला पैसे द्यायला तयारही होता. इमारतीसाठी देणगी मिळते, पगारासाठी मिळत नाही, हे या क्षेत्रात काम केलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. शिवाय सरकारी केंद्राशेजारी आमचा चकचकीत दवाखाना उभा राहिला असता तर सिस्टरकडची उरलीसुरली माणसेही गेली असती, आणि पाच-सात वर्षांनी आमचा उत्साह ओसरल्यावर खोऱ्यात दोन्ही नसते.

तिसरा, पूर्ण थांबायचे आणि जमा होणारा पैसा आरोग्य विभागाला द्यायचा. हा मुद्दा आमच्यातल्या सर्वांत तरुण परिचारिकेने मांडला. तो तेव्हा उडवून लावला गेला, याचे मला आज वाईट वाटते, कारण तिचा प्रश्न रास्त होता: आपण जातो ते तिथल्या गरजेसाठी की आपल्या समाधानासाठी? तरीही खोऱ्यात कमी पडत होती ती प्रशिक्षण, देखरेख आणि नेमका सल्ला, आणि यांतली कोणतीच गोष्ट नुसत्या पैशाने येणार नव्हती, असे माझे मत होते आणि आहे.

चौथा, सेवेची मालकी आरोग्य केंद्राची मानायची आणि पथकाने त्याला आधार द्यायचा. म्हणजे रुग्ण केंद्राचे, नोंदवही केंद्राची, औषधे केंद्राच्या यादीतली; आम्ही शिकवायला, तपासायला आणि अडले तर सांगायला. २०२१ च्या त्याच मार्गदर्शिकेत प्रशिक्षण, ठरलेली उपचारपद्धती, औषध देण्याचा अधिकार आणि डॉक्टरांची देखरेख असेल तर परिचारिकांनी रक्तदाबाचे औषधोपचार करावेत, असे सुचवलेले आहे. यात अडचण उघड होती. वीस जणांच्या पथकात अशा कामाला पाच-सहा जण पुरतात. उरलेल्यांनी काय करायचे?

निर्णय चौथ्या पर्यायाच्या बाजूने झाला, पण बहुमताने झाला, एकमताने नाही.

शस्त्रक्रियांवर सर्वांत जास्त वेळ गेला. सर्जनचे म्हणणे असे होते की पाच तासांचा प्रवास आणि मजुरी बुडवणे झेपत नाही म्हणूनच माणसे आमची वाट पाहतात. आम्ही हात काढला तर त्यांची शस्त्रक्रिया कधीच होणार नाही. हे म्हणणे खोटे नव्हते. जगात ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, हा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०१५ चा अंदाज त्यांनी बैठकीत वाचून दाखवला. त्यावर फिजिशियन बाईंनी विचारले, ‘त्या वाक्यातला सुरक्षित हा शब्द आपण कुठे ठेवतो?’ शेवटी असे ठरले की खोऱ्यात शस्त्रक्रिया करायची नाही. तिथे फक्त रुग्ण निवडायचे, त्यांच्या जाण्या-येण्याचा खर्च पथकाने करायचा आणि आमच्या सर्जननी ठरलेल्या आठवड्यांत पाच तासांवरच्या त्या रुग्णालयात जाऊन तिथल्या सर्जनबरोबर काम करायचे, म्हणजे पुढचे ३० दिवस पाहणारे कुणीतरी असेल.

काय केले

आरोग्य विभागाशी तीन वर्षांचा लेखी करार करायला चार महिने लागले. त्यातली बहुतेक कलमे औपचारिक होती. कामाचे कलम एकच होते: पथक खोऱ्यात केव्हा येईल हे केंद्र ठरवेल.

मग नोंदवही. आम्ही टॅब्लेटवर चालणारी एक प्रणाली घेऊन गेलो होतो आणि सिस्टरनी ती नम्रपणे नाकारली. वीज दिवसातून काही तासच असे. शेवटी लांबट आडवी वही छापली. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक, एक ओळ आणि बारा महिन्यांचे बारा चौकोन. त्याच क्रमांकाचे जाड कार्ड रुग्णाजवळ. चौकोनात तीन गोष्टी लिहायच्या: रक्तदाब, दिलेल्या गोळ्या आणि पुढची तारीख. महिनाअखेर वही उघडली की रिकामे चौकोन डोळ्यांत भरत, आणि त्या महिन्यात कुणाच्या घरी जायचे याची यादी आपोआप तयार होई. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगाची वस्तू ही वही होती, आणि ती सर्वांत स्वस्तही होती.

उपचाराची पद्धत एका पानावर बसवली. अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने सुरुवात. महिन्याने रक्तदाब १४०/९० च्या खाली आला नाही तर १० मिलिग्रॅम. तरीही नाही आला तर फोनवर डॉक्टरांना विचारून दुसऱ्या गटातले औषध जोडायचे. एनालाप्रिल गर्भावस्थेत बाळाला घातक ठरू शकते, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते या पद्धतीत द्यायचेच नाही. शिबिरांत आम्ही ते दिले होते का, हे जुन्या कागदांवरून नीट कळत नाही, कारण बऱ्याच कागदांवर वयच धड नाही.

औषधांबाबत नियम कडक केला. केंद्राच्या यादीत नसलेले कोणतेही औषध खोऱ्यात न्यायचे नाही. औषधदानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ पासून मार्गदर्शक तत्त्वे दिलेली आहेत: घेणाऱ्याची गरज आणि तिथली यादी पाहून द्यावे, मूळ औषधाचे नाव ठळक असावे आणि पोहोचताना निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. आमच्या पेट्यांत स्वयंसेवकांनी दवाखान्यांतून गोळा केलेले नमुने असत, आणि त्यांतले बरेचसे या तिन्ही अटींत नापास झाले असते.

रक्तदाब मोजण्याचे प्रशिक्षण अर्ध्या दिवसात उरकेल असे वाटले होते, त्याला तीन दिवस लागले. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवणे, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर, मोजताना गप्पा नाहीत आणि किमान दोन वेळा मोजणे. पहिल्याच सकाळी असे निघाले की केंद्रातला आणि आमच्याही बॅगेतला, दंडाला गुंडाळायचा पट्टा एकाच मापाचा होता. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खरा असतो त्याहून जास्त दिसतो. म्हणजे आमच्या ‘नवीन निदानां’पैकी काही जणांना औषधाची गरजच नसावी. तीन मापांचे पट्टे आणले आणि यंत्रांची अचूकता दर सहा महिन्यांनी पडताळायची तारीख भिंतीवर लिहिली.

वस्त्यांवर जाण्यासाठी खोऱ्यातल्याच दोन स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घेतले. त्यांचे मानधन पथकाने द्यायचे, पुढे विभागाने उचलायचे, असे बोलणे झाले. बोलणे झाले होते, करारात ते आले नव्हते.

पहिल्या दोन वर्षांत काय बिघडले

पाचव्या महिन्यात गोळ्या संपल्या. कारण साधे होते आणि ते आम्हाला आधी कळायला हवे होते. विभाग औषधे पाठवतो ती मागच्या तिमाहीच्या खपावरून. मागच्या तिमाहीत येणारी माणसे थोडी होती. नोंदवही सुरू झाल्यावर ती महिन्यागणिक वाढली आणि पुरवठा जुन्याच हिशेबाने येत राहिला. पथकाच्या दृष्टीने हा सर्वांत अवघड प्रसंग होता. शहरातून गोळ्या घेऊन पाठवणे आमच्यासाठी दोन दिवसांचे काम होते. सिस्टरनी त्याला हरकत घेतली: ‘तुम्ही गुपचूप भरलंत तर वरच्या कागदावर तुटवडा कधी दिसणारच नाही.’ आणि तोवर रुग्णांनी थांबायचे का, हा आमचा प्रश्नही तितकाच खरा होता. तोडगा असा निघाला की त्याच औषधाच्या, साध्या पाकिटातल्या गोळ्या पाठवायच्या, वहीत त्या ‘उसन्या’ म्हणून लाल शाईत चढवायच्या, प्रत्येक वेळी विभागाला पत्र द्यायचे आणि साठा येईपर्यंत तीसऐवजी पंधरा गोळ्या देऊन माणसाला पंधरा दिवसांनी बोलवायचे. लाल शाईची तीन पाने झाल्यावर खपाऐवजी नोंदलेल्या रुग्णसंख्येवरून मागणी मंजूर झाली.

आठव्या महिन्यात रिकामे चौकोन अचानक वाढले. सेविका घरोघर गेल्या तेव्हा कळले की काहींच्या पावलांवर सूज येत होती आणि ‘गोळीने मूत्रपिंड जाते’ अशी बातमी एका वस्तीवरून दुसरीवर पोहोचली होती. अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येणे हा ठाऊक असलेला परिणाम आहे आणि त्याचा अर्थ मूत्रपिंड बिघडले असा होत नाही. हे पहिल्याच भेटीत सांगितले असते तर बातमी पसरली नसती. त्यानंतर गोळी देताना सूजेबद्दल सांगितल्याची खूण कार्डावर करायची, असा नियम झाला.

चौदाव्या महिन्यात सिस्टरची बदली झाली. आम्ही प्रशिक्षण दिले होते ते एकट्या त्यांना. दोन महिने वही जवळजवळ कोरी राहिली. नव्या सिस्टर आल्या त्या कामसू होत्या, पण ही वही त्यांना आधीच्या बाईंचे खासगी काम वाटे, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. साहाय्यकाने जुन्या सिस्टरना फोन लावून दिला आणि दोघींचे बोलणे झाले तेव्हा गाडी पुन्हा रुळावर आली.

पथकातही पडझड झाली. रांगा नाहीत, शस्त्रक्रिया नाहीत, फोटो काढावा असे काही नाही. दंतवैद्य आणि नेत्रतज्ज्ञ दुसऱ्या पथकांकडे गेले. एका देणगीदाराने अहवाल पाहून विचारले की खर्च तितकाच असताना तपासलेल्या रुग्णांची संख्या इतकी कशी घसरली. आम्ही तेच रुग्ण पुन्हा पुन्हा मोजत होतो, हे त्यांना लिहून कळवले. पुढच्या वर्षी त्यांचा धनादेश आला नाही.

परिणाम

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस वहीतल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचा शेवटचा रक्तदाब १४०/९० च्या खाली होता, आणि बहुतेकांचे चौकोन सलग भरलेले होते. यामुळे पक्षाघात कमी झाले असे मी म्हणणार नाही; खोऱ्याची लोकसंख्या इतकी लहान आणि काळ इतका थोडा आहे की तसा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाच तासांवरच्या रुग्णालयात ठरल्याप्रमाणे हर्नियाच्या शस्त्रक्रिया झाल्या, पण संख्येने पूर्वीपेक्षा कमी. सर्जनची भीती अंशतः खरी ठरली: गाडीभाडे देऊनही काही जण गेले नाहीत, कारण घरी गुरे आणि म्हातारी माणसे होती. ऑटोक्लेव्हचे गॅस्केट मिळाले. ते बसवायला जिल्ह्याचा तंत्रज्ञ आला आणि त्याने साहाय्यकाला पुढच्या वेळी ते स्वतः कसे बदलायचे हे दाखवले.

पत्र्याच्या डब्यातल्या आजींचा वहीत पहिला क्रमांक होता. दुसऱ्या वर्षी त्यांना पुन्हा पक्षाघाताचा झटका आला आणि त्यात त्या गेल्या. त्यांच्या कार्डावर सलग नऊ महिन्यांचे आकडे होते, शेवटचे सहा १४० च्या खालचे.

पुन्हा करायचे झाले तर

सर्वांत आधी मी पहिल्या वर्षीच आरोग्य केंद्रात जाऊन बसेन. सिस्टरना जे माहीत होते ते सगळे आम्हाला सात वर्षे मोफत मिळू शकत होते. विचारायचे राहिले, कारण शिबिराच्या धांदलीत ते केंद्र आम्हाला रस्त्यावरची एक खूण वाटत असे, ‘तिथून डावीकडे वळा’ एवढ्यापुरती.

प्रत्येक कामाला दोन माणसे शिकवायची, ही गोष्ट इतकी प्राथमिक आहे की ती लिहायला संकोच वाटतो. बदल्या होणारच होत्या. सरकारी नोकरीत बदली हा अपवाद नसतो. त्याचप्रमाणे औषधांचा पुरवठा कोणत्या हिशेबाने येतो, हे नोंदवही छापण्याआधी विभागाच्या भांडारात जाऊन विचारायला हवे होते. पाचव्या महिन्याचा तुटवडा टाळता आला असता.

दातांची सेवा आम्ही एका झटक्यात बंद केली, आणि ती चूक झाली. खोऱ्यात दुखरा दात काढणारे दुसरे कुणी नव्हते. रक्तदाबासारखा वर्षभराचा पाठपुरावा त्याला लागत नाही. वर्षातून दोनदा दंतवैद्य येणे हे तिथे खरोखर उपयोगाचे होते. सगळ्या शिबिरांवर एकच न्याय लावण्याच्या भरात आम्ही हा फरक पाहिला नाही. शस्त्रक्रियांच्या निर्णयावर मात्र मी आजही ठाम आहे, जरी आमचे सर्जन आजही ठाम नाहीत आणि आम्ही भेटलो की हा वाद पहिल्या अर्ध्या तासातच निघतो.

दोन सेविकांचे मानधन करारात न घालणे ही राहिलेली चूक. वहीतले रिकामे चौकोन भरतात ते त्यांच्या पायपिटीने, आणि करार संपला तेव्हा विभागाने ‘तरतूद नाही’ असे कळवले. पथकाने आणखी एक वर्ष मानधन चालू ठेवले आहे. नव्या सिस्टरनी स्वतःच्या सहीने, तीन वर्षांच्या वह्यांच्या प्रती जोडून, विभागाकडे दोन पदांची मागणी पाठवली आहे. पथकाने सोबत पत्र जोडू का, असे मी फोनवर विचारले. त्या म्हणाल्या, ‘नको. तुमचं पत्र असलं की त्यांना वाटतं, पैसे तुम्ही देणार आहात.’